विषारी जमिनीची सफाई : खर्च कोणी सोसायचा?

कारखाना बंद पडतो, यंत्रे भंगारात जातात, कामगार पांगतात. पण वर्षानुवर्षे जमिनीत मुरलेली रसायने तेथेच राहतात आणि पावसाच्या पाण्याबरोबर भूजलात उतरतात. अशी जमीन स्वच्छ करून पुन्हा वापरात आणणे तंत्रज्ञानाला अशक्य नाही. खरा पेच आहे तो पैशाचा. अमेरिकेने १९८०मध्ये या पेचावर कायद्याने तोडगा काढला. 'सुपरफंड' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या व्यवस्थेची वाटचाल उद्बोधक आहे.

लव्ह कॅनॉलचा धडा

न्यूयॉर्क राज्यातील नायगारा फॉल्स शहरात विल्यम लव्ह या उद्योजकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक कालवा खोदण्यास घेतला व तो अर्धवट सोडला. हुकर केमिकल या कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात तेथे २१ हजार टनांहून अधिक रासायनिक कचरा पुरला आणि वर माती लोटून ती जागा अवघ्या एका डॉलरला स्थानिक शिक्षण मंडळाला विकली. भविष्यातील हानीची जबाबदारी नाकारणारे कलमही खरेदीखतात होते. त्या जागेवर शाळा उभी राहिली, भोवती वस्ती वाढली. सत्तरच्या दशकात रसायने घरांच्या तळघरांत झिरपू लागली. लोईस गिब्ज या गृहिणीच्या पुढाकाराने रहिवासी संघटित झाले. ७ ऑगस्ट १९७८ रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी तेथे आणीबाणी जाहीर केली आणि शेकडो कुटुंबांना घरे सोडावी लागली.

आधी सफाई, मग वसुली

या प्रकरणातून डिसेंबर १९८०मध्ये सुपरफंड कायदा जन्माला आला. प्रदूषण ज्याने केले त्यानेच खर्च द्यावा, हे त्याचे सूत्र. कचरा टाकणारा, वाहून नेणारा, जमिनीचा आजी मालक आणि विल्हेवाटीच्या वेळचा मालक अशा सर्वांवर कायद्याने दायित्व टाकले, तेही पूर्वलक्षी प्रभावाने. मात्र कंपनी दिवाळखोर झाली वा तिचा मागमूसच उरला नाही, तर काय? त्यासाठी तेल व रसायन उद्योगांवर विशेष कर बसवून स्वतंत्र निधी उभारण्यात आला. पहिल्या पाच वर्षांसाठी त्याची मर्यादा १.६ अब्ज डॉलर होती. १९८६मध्ये ती ८.५ अब्जांवर नेण्यात आली.

या निधीचे महत्त्व केवळ रकमेत नाही. न्यायालयीन वाद संपण्याची वाट न पाहता पर्यावरण संरक्षण संस्थेला काम सुरू करता येते आणि खर्च नंतर वसूल करता येतो. सबळ कारणाशिवाय सफाईचा आदेश धुडकावणाऱ्या कंपनीकडून खर्चाच्या तिपटीपर्यंत रक्कम दंड म्हणून मागण्याची तरतूदही आहे. निधीतून होणाऱ्या सफाईच्या खर्चात संबंधित राज्याला साधारणपणे दहा टक्के वाटा उचलावा लागतो. लव्ह कॅनॉलच्या खर्चापोटी हुकरला विकत घेणाऱ्या ऑक्सिडेंटल कंपनीने १९९५मध्ये केंद्र सरकारला १२.९ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. २००४मध्ये ही जागा प्राधान्य यादीतून वगळण्यात आली.

कर थांबला, वेग मंदावला

१९९५च्या अखेरीस या करांची मुदत संपली आणि काँग्रेसने ती वाढवली नाही. १९९६मध्ये निधीत सुमारे ३.८ अब्ज डॉलर शिल्लक होते. २००३पर्यंत ती शिल्लक जवळजवळ संपली. त्यानंतर बेवारस जागांचा भार प्रामुख्याने सामान्य करदात्यावर आला आणि सफाईचा वेग मंदावला. अखेर २०२१च्या पायाभूत सुविधा कायद्याने रसायनांवरील कर पुन्हा आणला व सफाईसाठी ३.५ अब्ज डॉलर दिले. तेलावरील कर जानेवारी २०२३पासून पुन्हा लागू झाला.

संशयित जमिनींचा प्रश्न

कडक दायित्वाचा एक अनपेक्षित परिणाम झाला. जुन्या कारखान्याची जागा घेतली तर आधीच्या मालकाचे पाप आपल्या माथी येईल, या भीतीने खरेदीदार फिरकेनासे झाले. शहरांच्या मध्यभागी जमिनी ओस पडल्या आणि नवे उद्योग शहराबाहेरच्या शेतजमिनींकडे वळले. अशा प्रदूषित किंवा प्रदूषणाचा संशय असलेल्या जागांना 'ब्राउनफील्ड' म्हणतात. अमेरिकेत त्यांची संख्या साडेचार लाखांहून अधिक असल्याचा सरकारी अंदाज आहे.

जानेवारी २००२मध्ये झालेल्या कायद्याने प्रामाणिक खरेदीदाराला दायित्वापासून संरक्षण दिले आणि तपासणी व सफाईसाठी अनुदानाची सोय केली. सफाईसाठी एका जागेला दोन लाख डॉलरपर्यंत मदत मिळू लागली. २०१८मध्ये ही मर्यादा पाच लाखांवर गेली. ज्याने प्रदूषण केले, त्याला हे अनुदान मिळत नाही. रक्कम मोठी नसली, तरी जमिनीत नेमके काय आहे हे एकदा कळले की बँका व विकासक पुढे येतात. सुपरफंड यादीतील जागांचाही असा पुनर्वापर झाला आहे. मॅसॅच्युसेट्समधील वोबर्न येथे रासायनिक कारखान्यांच्या जागेवर २००१पासून रेल्वे स्थानक आहे.

भारतातील स्थिती

'प्रदूषकाने भरपाई द्यावी' हे तत्त्व भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील बिच्छरी प्रकरणात १९९६मध्येच ठामपणे मांडले. रसायन कारखान्यांनी नासवलेली तेथील माती व विहिरी स्वच्छ करण्याचा खर्च कंपन्यांकडून घेण्याचा आदेश झाला. प्रत्यक्षात वाद चालूच राहिला आणि ३७ कोटी ३८.५ लाख रुपये चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश न्यायालयाला २०११मध्ये पुन्हा द्यावा लागला. मधल्या पंधरा वर्षांत ग्रामस्थांच्या विहिरी कोणत्याही निकालाने शुद्ध होणार नव्हत्या.

जुलै २०२५मध्ये केंद्राने प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनासाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. प्रदूषक सापडला नाही वा तो पैसे देण्यास असमर्थ ठरला, तर खर्चाची व्यवस्था केंद्र व राज्य यांनी करावी, असे त्यांत म्हटले आहे. अमेरिकेचा अनुभव पाहता या नियमांची खरी कसोटी तेथेच लागेल. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. पण तोवर सफाई सुरू ठेवायची, तर पैसा आधीच बाजूला काढलेला असावा लागतो.