जुनी गाडी उन्हाळ्यात गरम का होते? काटा कधी चढतो, त्यावरून बिघाड कसा ओळखायचा?

आलापल्ली ते भामरागड हे अंतर साधारण ६५ किलोमीटर. वाटेत पेरमिली, ताडगाव, हेमलकसा अशी मोजकी गावं, बाकी दोन्ही बाजूंना जंगल. मोबाइलला रेंज कुठे मिळेल याचा नेम नाही. अशा रस्त्यावर मे महिन्याच्या भर दुपारी जुन्या गाडीचा टेम्परेचर काटा लाल पट्टीकडे सरकायला लागला तर काय करायचं?

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत हा प्रश्न दर उन्हाळ्यात अनेकांपुढे उभा राहतो. पंधरा-वीस वर्षं जुन्या बोलेरो, सुमो, कमांडर जीप, काळी-पिवळी आणि पिकअप इथल्या रस्त्यांवर अजूनही धावतात. लग्नाचं वऱ्हाड, तेंदूपत्त्याची पोती आणि दवाखान्यात न्यायचा रुग्ण, या सगळ्यांचा भार त्यांच्यावरच असतो. काटा चढला की बहुतेक जण पाणी ओततात आणि पुढे निघतात. पण पाणी का कमी झालं, किंवा पाणी पुरेसं असूनही इंजिन का तापलं, हे शोधलं नाही तर काही शे रुपयांचं काम पुढे हेड गॅस्केट आणि इंजिनच्या मोठ्या खर्चावर जातं.

हा बिघाड शोधायला सुरुवातीला कुठलंही यंत्र लागत नाही. काटा नेमका कधी चढतो, एवढं नीट पाहिलं तरी शोध निम्म्यावर येतो.

इंजिन थंड कसं राहतं?

इंधन जळून तयार होणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भागच चाकांपर्यंत पोहोचतो. जवळपास तितकीच उष्णता सायलेन्सरमधून बाहेर जाते. उरलेली उष्णता इंजिनभोवती फिरणारं कूलंट उचलतं. वॉटर पंप ते फिरवतो, रेडिएटरच्या बारीक नळ्यांमधून ते वाहतं आणि जाळीतून जाणारी हवा त्याला थंड करते.

या वाटेवर थर्मोस्टॅट नावाची छोटी झडप असते. इंजिन थंड असताना ती बंद राहते, म्हणजे इंजिन लवकर तापतं. बहुतेक गाड्यांमध्ये ८२ ते ८८ अंश सेल्सिअसच्या आसपास ती उघडायला लागते आणि कूलंट रेडिएटरकडे जातं. म्हणजे इंजिन ९० अंशांच्या आसपास असणं हा आजार नाही, ते त्याचं कामाचं तापमान आहे. काटा साधारण मध्यावर स्थिर असेल तर काळजीचं कारण नाही.

रेडिएटरचं झाकणही महत्त्वाचं. ते आतला दाब वाढवून ठेवतं. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, पण झाकणाने वातावरणाच्या दाबावर आणखी सुमारे एक बार दाब धरला तर तेच पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर झिजलं की हा दाब टिकत नाही आणि कूलंट आधीच उकळून बाहेर पडतं.

जानेवारीत ठीक असलेली गाडी मे महिन्यातच का तापते?

रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकणार, हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट ९५ अंशांवर आणि हवा ३० अंशांवर असेल तर फरक ६५ अंशांचा. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५-४६ अंशांच्या पुढे जाणं नवलाचं नाही. हवा ४६ अंशांवर गेली की फरक ४९ अंशांवर येतो. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, पण थंड करण्याची ताकद जवळपास पाव हिश्शाने कमी.

नव्या गाडीत ही घट सोसायची तजवीज केलेली असते. जुन्या गाडीत नळ्यांमध्ये क्षार साचलेले असतात, जाळीत धूळ अडकलेली असते, बेल्ट सैल झालेला असतो. हिवाळ्यात हे दोष झाकून जातात. त्यामुळे 'उन्हामुळे गाडी गरम झाली' असं म्हणून प्रश्न सुटत नाही. दोष आधीपासून असतो, ऊन तो दाखवून देतं.

काटा कधी चढतो?

गाडी उभी असताना किंवा हळू चालताना चढतो, वेग घेतला की उतरतो: संशय पंख्यावर घ्या. वेगात असताना समोरून हवा आपोआप येते, उभ्या गाडीला मात्र पंख्याचाच आधार असतो. ताडोबाच्या सफारीत चालणाऱ्या गाड्यांची हीच परीक्षा असते. गाडी संथ चालते, वाघ दिसला की थांबते, आणि पर्यटकांना खाली उतरायची परवानगी नसते. तिथे पंखा बंद पडला तर गाडीला दुसरा आधार नाही.

विजेचा पंखा असेल तर फ्यूज, रिले आणि टेम्परेचर स्विच तपासून घ्या. बऱ्याच गाड्यांत एसी लावला की हा पंखा फिरतो. एसी लावल्यावर फिरत असेल आणि इंजिन तापल्यावर फिरत नसेल, तर मोटर चांगली आहे, दोष स्विच किंवा वायरिंगमध्ये आहे. बेल्टवरच्या पंख्याला व्हिस्कस कपलिंग असेल तर इंजिन बंद करून, चावी काढून पंखा हाताने फिरवून पाहा. तो अगदी मोकळा गरगर फिरत राहिला तर कपलिंग कमजोर झालं आहे.

वेगात, चढावर किंवा भरलेल्या गाडीत चढतो: पंखा ठीक आहे, पण रेडिएटरला किंवा कूलंटच्या प्रवाहाला भार पेलत नाही. नळ्या आतून चोंदल्या असतील, जाळी बाहेरून धुळीने भरली असेल, वॉटर पंपाची पाती झिजली असतील किंवा बेल्ट घसरत असेल. रेडिएटरचा खालचा होज पाइपही पाहा. जुना होज मऊ पडला की रेस वाढवल्यावर पंपाच्या ओढीने चपटा होतो आणि प्रवाह अडतो.

गाडी सुरू केल्यावर थोड्याच वेळात चढतो: थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असण्याची शक्यता मोठी. काटा वर आणि रेडिएटरचा वरचा होज मात्र थंड, ही त्याची खूण. कूलंट बदलताना आत हवा अडकली असेल तरीही असं होतं.

काटा वर-खाली उड्या मारतो: कूलंट कमी आहे आणि आत हवेचे बुडबुडे फिरताहेत, किंवा सेन्सरची वायर सैल आहे. आधी कूलंट पाहा, मग वायर.

काटा वर येतच नाही: थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे, तो कुणीतरी काढून टाकला आहे किंवा सेन्सर बिघडला आहे.

इथे एक धोका लक्षात ठेवा. कूलंट पूर्ण संपलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन जळत असतानाही काटा खाली येऊ शकतो. लाल पट्टीजवळ गेलेला काटा अचानक कोसळला, तर सुटलो असं समजू नका. लगेच थांबा.

सकाळी, थंड इंजिनवर काय तपासायचं?

हे सगळं रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवरच करायचं. रेडिएटरचं झाकण उघडून पातळी पाहा. फक्त प्लास्टिकच्या बाटलीवर विसंबू नका, कारण झाकण खराब असेल तर बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा असं होऊ शकतं. कूलंट गंजासारखं तांबडं असेल तर ते बदलायची वेळ कधीच होऊन गेली आहे.

होज दाबून पाहा. चिरा, फुगवटा किंवा क्लिपजवळ पांढरे-हिरवे डाग असतील तर तिथून गळती आहे. वॉटर पंपाखाली ओल आहे का, बेल्टला भेगा आहेत का, तेही पाहा.

जाळीवर टॉर्च मारा. कोळसा खाणींच्या भागातली आणि कच्च्या रस्त्यांवरची धूळ, गवताचं बी, किडे यांचा थर तिथे बसतो. इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, कमी दाबाने पाणी मारून तो काढता येतो. जोराच्या फवाऱ्याने पातळ पत्रे वाकतात आणि हवेची वाट आणखी बंद होते.

शेवटी इंजिन ऑइलची पट्टी काढून पाहा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर त्यात पाणी मिसळलं आहे. गाडी सुरू करू नका.

हेड गॅस्केट गेलं, हे कसं कळतं?

बाहेर कुठेही गळती नाही, तरी दर दोन-तीन दिवसांनी पाणी कमी होतं. सायलेन्सरमधून इंजिन तापल्यावरही दाट पांढरी वाफ येत राहते. थंड गाडी सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज दगडासारखा कडक होतो. किंवा झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात. यातल्या दोन खुणा एकत्र दिसल्या तर गॅरेज गाठा. अशा वेळी पाणी ओतत गाडी चालवत राहिलात तर हेड वाकतं आणि फेसिंगवर भागणारं काम पुढे इंजिन उघडण्यावर जातं.

कूलिंगचं सगळं ठीक असूनही गाडी तापत असेल तर ब्रेक चिकटत आहेत का, क्लच घसरतो आहे का, ऑइल कमी आहे का आणि पेट्रोल गाडीचं टायमिंग बरोबर आहे का, हेही पाहून घ्या. यामुळे इंजिनवर विनाकारण जास्तीचा भार येतो.

'थर्मोस्टॅट काढून टाका' हा सल्ला बरोबर आहे का?

आपल्याकडे उष्ण हवामान असल्याने ही झडप नकोच, असं अनेक गॅरेजांत सांगितलं जातं. आडरानात अडकलेल्या गाडीसाठी तो तात्पुरता उपाय ठरू शकतो. कायमचा नाही. झडपेशिवाय इंजिन कामाच्या तापमानाला उशिरा पोहोचतं, इंधन जास्त लागतं आणि झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत झडप उघडताना बायपासची वाट बंद करते. ती काढली की काही कूलंट रेडिएटरला वळसा घालून तसंच गरम परत येतं आणि गाडी आणखी तापते.

काढलेला थर्मोस्टॅट खरंच खराब आहे का, हे घरीच कळतं. पातेल्यातल्या पाण्यात तो दोरीने लटकवून पाणी तापवा. पाणी उकळेपर्यंत तो उघडला नाही, किंवा थंड पाण्यातही उघडाच असेल, तर बदला.

हातपंपाचं पाणी चालेल का?

अडचणीत चालेल, रोजसाठी नाही. बोअर आणि हातपंपाच्या पाण्यातले क्षार गरम नळ्यांच्या आत थर धरतात. शिवाय साध्या पाण्यात गंज रोखणारी रसायनं नसतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, हे प्रमाण बहुतेक गाड्यांना चालतं. रस्त्यात साधं पाणी भरावं लागलं तर घरी पोहोचल्यावर सिस्टिम फ्लश करून घ्या.

जुनं कूलंट जमिनीवर किंवा नाल्यात ओतू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. जनावरं ते चाटतात आणि मरू शकतात. जंगलालगतच्या गावांत ही काळजी दुप्पट महत्त्वाची आहे.

रस्त्यातच काटा चढला तर?

एसी बंद करा. हीटर असेल तर पूर्ण सुरू करा, तो इंजिनची थोडी उष्णता आत खेचतो. तरीही काटा उतरला नाही किंवा वाफ दिसली, तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा. वाळलेल्या गवतावर किंवा पालापाचोळ्यावर गाडी उभी करू नका. तापलेल्या सायलेन्सरमुळे आग लागू शकते आणि मे महिन्यात जंगलाला एवढी ठिणगीही पुरते. वाघ-अस्वलांच्या भागात गाडीपासून लांब जाऊ नका.

गरम इंजिनचं रेडिएटर झाकण कधीही उघडू नका. दाब सुटताच आतलं पाणी क्षणात उकळून चेहऱ्यावर आणि हातावर उडतं. किमान अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा होज हाताला कोमट लागला आणि दाबल्यावर मऊ वाटला, की जाड फडकं धरून झाकण हळूहळू सैल करा. तापलेल्या इंजिनमध्ये गार पाणी एकदम ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. म्हणून थोडं थंड झाल्यावर, इंजिन सुरू ठेवून, पाणी सावकाश भरा. त्यानंतरही काटा पुन्हा चढला तर पुढे जाऊ नका, मागच्या गावातून मदत मागवा.

लांबच्या प्रवासाआधी हे पाच मिनिटांत पाहा

- थंड रेडिएटरमधली कूलंटची पातळी आणि रंग
- झाकणाचं रबर
- बेल्ट आणि दोन्ही होज
- पंखा फिरतो का
- गाडीत पाच लिटर पाणी, जाड फडकं आणि एक जादा बेल्ट

आणि मेकॅनिककडे गेल्यावर 'गाडी गरम होते' एवढंच सांगू नका. उभी असताना होते की पळताना, रिकामी असताना की भरलेली, सुरू केल्यावर किती वेळाने, आणि पाणी किती दिवसांत कमी होतं, हे सांगा. या चार उत्तरांनी नको ते भाग बदलायचा खर्च वाचतो आणि खरा दोष लवकर सापडतो.