शब्दवेध : धरून देणे

मराठी बायबलात यहूदा इस्कार्योत येशूला ‘धरून देतो’. मूळ ग्रीक क्रियापद ‘पारादिदोमी’ मात्र ‘दिदोमी’ म्हणजे देणे यावरून आलेले असून त्याचा अर्थ हवाली करणे एवढाच आहे. देवाने स्वतःचा पुत्र दिला, हे सांगताना पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात हेच क्रियापद योजतो, आणि तिथे कोणी देवाला फितूर म्हणत नाही. ‘प्रोदोतेस’, म्हणजे द्रोही, हा शब्द यहूदाला लावतो तो एकटा लूक, तोही एकदाच. आजच्या प्रचलित गुजराती भाषांतरात मात्र ‘धरून देणे’च्या जागी ‘परस्वाधीन करणे’ येते. मराठीतल्या ‘धरून’ने शिपायांचे काम यहूदाच्या माथी मारले; गुजराती शब्द ग्रीकला अधिक जवळचा आहे.