टेपची नावपट्टी आणि एका अक्षराचा हुकूम

मंडळी, सध्या मुक्काम एन्नोर. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. आपली 'स्टॅलियन' गाडी बनवणाऱ्या अशोक लेलँडचा जुना कारखानाही इथलाच. पण आज गाड्यांबद्दल नाही, संगणकाच्या टेपबद्दल लिहितो.

इथून दक्षिणेला २५-३० किलोमीटरवर मद्रासची आयआयटी. तिथे १९७३ साली पश्चिम जर्मनीच्या मदतीने आयबीएम ३७०/१५५ हा मोठा संगणक आला. त्याआधी १९६४ मध्ये मुंबईच्या टीआयएफआरमध्ये सीडीसी ३६०० बसला होता. त्या काळी माहितीचा साठा राहायचा चुंबकीय टेपवर. अर्धा इंच रुंद, २४०० फूट लांब फीत. एका रिळावर सुमारे ४ कोटी अक्षरं मावत.

रिळं सगळी दिसायला सारखीच. वर कागदी पट्टी चिकटवत, पण दमट हवेत ती सुटायची, किंवा घाईत भलत्याच रिळावर लागायची. म्हणून खरं नाव टेपच्या आतच लिहीत. आयबीएमच्या पद्धतीत टेपच्या सुरुवातीला ८० अक्षरांची एक नोंद असे. ८० का? पंचकार्डाचे रकाने तेवढेच म्हणून. 'व्हीओएल१' ही खूण, पुढे रिळाचा ६ अक्षरी क्रमांक, पुढे मालकाचं नाव. त्यामागच्या नोंदीत फाइलचं नाव आणि ती कधीपर्यंत जपायची ती तारीख.

रीळ चढवलं की यंत्र आधी ही नोंद वाचे. क्रमांक जुळला नाही तर काम थांबे. टेप कोरी असेल तर यंत्र कन्सोलवर विचारे, आणि ऑपरेटर क्रमांक व मालकाचं नाव टाइप करून टेपचं बारसं करी. जपण्याची मुदत संपलेली नसेल तरीही यंत्र विचारे : 'यू' म्हणजे वापर, 'एम' म्हणजे उतरव. घाईत 'यू' दाबला गेला, तर जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या जात, आणि पुसलेलं परत येत नसे. शेवटचा बंदोबस्त रिळामागच्या प्लास्टिकच्या कडीचा. कडी नाही तर लिहिणं नाही, हा टेपखोलीचा नियम.

आपल्याला हे नवं नाही. काळ्या ट्रंकेवर रंगवलेला नंबर आणि गळ्यातली आयडेंटिटी डिस्क याच कामाच्या. वरचं पुसलं गेलं तरी माणूस ओळखता यावा, म्हणून. संगणकावर पगार, विमा, पेन्शन यांचे हिशेब गेले तेव्हा हजारो घरांची चूल अशा एकेका रिळावर अवलंबून होती. एक रीळ पुसलं गेलं की कुठल्यातरी गावातली म्हातारी पोस्टात हेलपाटे घालणार.

संगणकाच्या इतिहासात यंत्रांची आणि शास्त्रज्ञांची नावं सापडतात. रात्रपाळीत कन्सोलसमोर बसून, रजिस्टर पडताळून, मगच ते एक अक्षर दाबणाऱ्या ऑपरेटरचं नाव कुठेच नाही. पहाऱ्यावरच्या जवानासारखंच आहे हे. काही घडलं नाही, हीच त्याची कामगिरी.

तुमच्यापैकी कुणी टेपखोलीत ड्यूटी केली असेल, तर जरूर लिहा.

जय हिंद.