रेड हिल: हिशोबात न सापडलेले वीस हजार गॅलन

गेल्या आठवड्यात आमच्या प्रोजेक्टवर एक किस्सा झाला. रात्रीच्या बॅच जॉबनंतर दोन टेबलांच्या बेरजा जुळेनात. फरक तसा किरकोळ होता. "टायमिंगचा प्रॉब्लेम असेल, उद्या आपोआप जुळेल," असं म्हणून मीच ते तिकीट बंद करून टाकलं. (जुळलं नाही, हे सांगायला नकोच.) नेमका शनिवारी रेड हिलबद्दल वाचत बसलो, आणि पोटात गोळा आला.

रेड हिल म्हणजे हवाईतल्या होनोलुलूजवळचा डोंगर. १९४० च्या सुमारास अमेरिकन नौदलाला काळजी होती की पर्ल हार्बरचा सगळा तेलसाठा जमिनीवर उघड्यावर आहे, वरून एक बॉम्ब पडला की खेळ खल्लास. म्हणून त्यांनी डोंगरच पोखरला आणि आत २० उभ्या टाक्या बांधल्या. एकेक टाकी २५० फूट उंच, १०० फूट रुंद. म्हणजे आपल्याकडचा पंचवीस मजली टॉवर आत आरामात उभा राहील! बाहेर खडक, मग काँक्रीट, आतून पोलादी पत्र्याचं अस्तर. एका टाकीत सव्वा कोटी गॅलन, म्हणजे पावणेपाच कोटी लिटरच्या आसपास इंधन. टाक्या उंचावर असल्याने तेल आपल्या वजनानेच बोगद्यातल्या पाइपांतून बंदरापर्यंत उतरायचं. १९४३ मध्ये काम पुरं झालं. इंजिनिअर म्हणून सांगतो, डिझाइन पाहून टोपी काढावीशी वाटते.

फक्त एक भानगड होती. टाक्यांच्या तळाखाली साधारण १०० फुटांवर होनोलुलूचं पिण्याचं पाणी आहे. आणि टाक्यांपासून थोड्याच अंतरावर, त्याच डोंगरात, नौदलाची स्वतःची पिण्याच्या पाण्याची विहीर.

जानेवारी २०१४ मध्ये दुरुस्त करून पुन्हा भरलेल्या ५ नंबरच्या टाकीतून २७,००० गॅलन जेट इंधन गळालं, आणि खऱ्या अर्थाने तपास सुरू झाला.

असा तपास एरवी कसा करतात? समजा एखाद्या पेट्रोल पंपाखालची टाकी गळली. मग आजूबाजूला बोअर घ्यायचे, वेगवेगळ्या खोलीवरची माती तपासायची, मातीतली वाफ मोजायची. पेट्रोल-डिझेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे भूजलापर्यंत पोचलंच तर वर तरंगतं, पण त्यातला काही भाग पाण्यात विरघळून पुढे जातो. तीन-चार बोअरमधली पाण्याची पातळी मोजली की उतार कुठल्या दिशेला ते कळतं, आणि त्यावरून घाण कुठे निघालीय ते. ऐकायला सोपं आहे, पण रेड हिलला माती कुठली! तिथे लाव्हाचे थरावर थर, मध्ये भेगा आणि पोकळ्या. तेल सरळ खाली न जाता कुठेही आडवं जाऊ शकतं. आणि बोअरमधल्या पातळ्यांतला फरक इतका बारीक की पाणी नक्की कुठल्या दिशेला वाहतंय यावरच नौदल आणि होनोलुलूचं पाणीपुरवठा मंडळ वर्षानुवर्षं भांडत राहिले.

पण खरा घोटाळा भलतीकडेच झाला.

६ मे २०२१. एका टाकीतून दुसरीकडे तेल घेताना ऑपरेटरची चूक झाली, पाइपात दाब उसळला आणि जोड फुटला. नौदलाने कळवलं: १,६१८ गॅलन सांडलं, त्यातले ३८ सोडून सगळे परत मिळाले. पण टाक्यांच्या हिशोबात जवळजवळ २०,००० गॅलनची तूट दिसत होती! म्हणजे ७५,००० लिटर. सोसायटीत येतो तो दहा हजारी टँकर धरा, असे साडेसात टँकर. पाइपातली पोकळी भरण्यात ते गेलं असेल, असं मानलं गेलं. (इथे मला माझं तिकीट आठवलं. सोमवारी सकाळी पहिलं काम म्हणून ते परत उघडलं.)

ते तेल आग विझवायच्या यंत्रणेच्या निचऱ्याच्या पाइपात शिरलं होतं. हा पाइप पीव्हीसीचा. सहा महिने तेलाच्या वजनाने तो झोळीसारखा खाली लोंबत राहिला. २० नोव्हेंबरला बोगद्यातली एक गाडी त्या लोंबत्या पाइपावर आदळली आणि सगळं बाहेर आलं. सुरुवातीला सांगितलं गेलं की पाणी मिसळलेलं १४,००० गॅलन इंधन सांडलं. गोळा करूनही ५,००० गॅलन राहिलेच, आणि ते जवळच्या निचऱ्यातून विहिरीकडे गेले.

आठवड्याभरात तळावरच्या घरांत नळाला तेलाचा वास यायला लागला. पाण्यावर तवंग, मुलांना उलट्या, अंगावर पुरळ. नौदलाने २८ नोव्हेंबरला ती विहीर बंद केली. तरी दुसऱ्या दिवशी तळाच्या कमांडरचा रहिवाशांना निरोप असा की पाणी असुरक्षित असल्याचं काही लक्षण नाही! त्या पाणीपुरवठ्यावर ९३,००० माणसं अवलंबून होती. शहराच्या पाणी मंडळाने डिसेंबरच्या सुरुवातीला खबरदारी म्हणून आपलीही जवळची मोठी विहीर बंद केली.

इतकी वर्षं सगळ्यांचं लक्ष टाक्यांच्या तळाकडे, खडकाकडे. तेल आलं ते पाइपातून. मला यात सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल तर या गोष्टीचा, की ते शोधायला बोअर नको होता, प्रयोगशाळा नको होती. वजाबाकी पुरेशी होती.

मार्च २०२२ मध्ये हा साठा कायमचा बंद करायचा निर्णय झाला. २०२३ च्या ऑक्टोबरपासून पुढच्या वसंतापर्यंत दहा कोटींहून जास्त गॅलन इंधन बाहेर काढलं गेलं. कोर्टात गेलेल्या हजारो लोकांपैकी पहिल्या १७ जणांना २०२५ मध्ये मिळून ६,८०,००० डॉलरच्या आसपास भरपाई मंजूर झाली. आकडा वाचून मी दोनदा शून्यं मोजली.

टाक्या रिकाम्या झाल्या. खडकाच्या भेगांत जे आधीच शिरलंय, ते शोधायला मात्र डोंगरात अजूनही नवे बोअर घेताहेत.