आवारातला फणस आणि चितार आळीचा लेथ

स्मरणिका समितीने मला सोसायटीचा इतिहास लिहायला सांगितला तेव्हा अपेक्षा बहुधा अशी असावी, की नोंदणी कधी झाली, पहिली कमिटी कोणती, पाण्याची टाकी कधी बांधली, लिफ्टचा ठराव किती वेळा फेटाळला, हे सगळं मी क्रमवार मांडीन. ते सर्व इतिवृत्ताच्या वह्यांत आहे आणि सेक्रेटरींकडे मागितलं तर कुणालाही वाचायला मिळेल. वह्यांत फक्त दोन ओळींत आलेली एक गोष्ट मात्र मला लांबीने सांगायची आहे. ती म्हणजे आपल्या आवारातल्या फणसाची, आणि त्याच्या निमित्ताने आपल्या जिल्ह्यातल्या एका जुन्या धंद्याची.

हा फणस आपल्या इमारतीपेक्षा पुष्कळ जुना. प्लॉट आपण घेतला तेव्हा मूळ मालकांनी कागदावर काही अट घातली नव्हती, पण तोंडी एक शब्द घेतला होता की फणस तोडायचा नाही. त्या शब्दाखातर आर्किटेक्टला जिना पलीकडच्या अंगाला न्यावा लागला, आणि त्यामुळे तळमजल्याच्या दोन फ्लॅटची स्वयंपाकघरं थोडी अंधारी झाली. त्या दोन्ही घरांनी वीस वर्षं त्याबद्दल कुरकुर केली, आणि दर मे महिन्यात पहिले गरेही त्याच घरांनी नेले. कापा फणस होता. मजल्याप्रमाणे वाटे पाडायचे, आठळ्या ज्याला हव्या त्याने न्यायच्या, अशी पद्धत होती.

१६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याला घासून वर गेलं. मालवण, देवगड, वेंगुर्ला या पट्ट्यात किती झाडं आडवी झाली, किती दिवस वीज नव्हती, ते सगळ्यांना आठवत असेल. आपला फणस पडला नाही, कलला. एका बाजूची मुळं तुटली आणि सगळा भार कंपाउंड वॉलवर व विजेच्या तारांवर आला. झाड वाचणार नाही हे उघड होतं. तरी शहरी भागातलं झाड कुणाच्या मनाला आलं म्हणून तोडता येत नाही. त्यासाठी १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. त्याप्रमाणे नगरपरिषदेकडे अर्ज केला, पाहणी झाली, परवानगी मिळाली.

प्रश्न पुढे होता. लाकडाचं काय करायचं? करोनाचे दिवस, सभा घ्यायची सोय नाही, सगळी चर्चा व्हॉट्सॲपवर. एक व्यापारी तोडणावळ न घेता झाड तोडून न्यायला तयार होता, म्हणजे लाकूड त्याचं. बहुतेकांना तेच सोयीचं वाटत होतं आणि त्यात गैर काही नव्हतं. पण शब्द दिला होता तो एका कुटुंबाला. म्हणून मूळ मालकांच्या घरी फोन केला. मालक नव्हते, त्यांच्या पत्नी होत्या, वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "झाडां पडतलीच रे. पण ह्यां लाकूड चुलीत घालू नकात." दिलेल्या शब्दाचा उरलेला भाग हाच, असं आम्ही तिघाचौघांनी मानलं आणि सावंतवाडीचा रस्ता धरला.

सावंतवाडीलाच का, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

लाकूड फिरतं ठेवून त्यावर पटाशी धरून गोल वस्तू काढणं याला आपल्याकडे कातकाम म्हणतात, करणाऱ्याला कातारी. जुन्या वाड्यांतले कातीव खांब, पाळण्याचे दांडे, कुंकवाचे करंडे, ताकाच्या रव्या, भोवरे, सारीपाटाच्या सोंगट्या ही सगळी कातकामाची संतती. सावंतवाडी संस्थानात या कामाला रंगाची आणि लाखेची जोड मिळाली. तिथले कारागीर ते चितारी, त्यांची वस्ती ती चितार आळी. खेमसावंत तिसरे यांच्या (१७५५ ते १८०३) काळात दरबाराचा आश्रय असल्यामुळे ही कला बहरली. याच चिताऱ्यांच्या हातून गंजिफाही तयार होत. दशावतारी गंजिफाचा एक जोड म्हणजे १२० गोल पानं. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाची बारा पानं. पानाला खळ चिंचोक्याची आणि वर लाख.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि दरबारचं गिऱ्हाईक गेलं. त्यातच छापील पत्ते स्वस्त झाले आणि प्लॅस्टिकची खेळणी गावोगावच्या जत्रेत पोचली. गंजिफा करणारे हात बोटांवर मोजण्याइतके उरले. तेव्हा श्रीमंत शिवरामराजे भोंसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती विद्या स्वतः शिकून घेतली आणि १९७१ च्या सुमारास राजवाड्यातच कारखाना सुरू केला. राजवाड्यातल्या दालनात मांडी घालून रंगकाम करणारे कारागीर आजही पाहायला मिळतात. राजाने कलेला आश्रय दिल्याच्या गोष्टी पुष्कळ आहेत. राज्य गेल्यावर राजाराणीने कारागिराच्या हाताखाली शिकल्याची गोष्ट मला दुसरी माहीत नाही.

चितार आळीत मात्र मुख्य धंदा राहिला तो लाकडी फळं-भाज्यांचा आणि खेळण्यांचा. आपल्या पिढीत कोकणातून मुंबईला जाताना सावंतवाडीची आंबा-केळी-वांग्यांची परडी नेली नाही असं घर विरळा. फळांना लाकूड लागतं पांगाऱ्याचं. पांगारा वजनाला हलका, मऊ, आणि कुंपणाला फांदी रोवली तरी वाढणारा. ज्या झाडाला सुतार हात लावत नाही, ज्याचं जळणही धड होत नाही, त्याच्यावर या गावाने दोन-तीनशे वर्षं पोट भरलं. आंबा, फणस, शिवण हीही लाकडं वस्तूप्रमाणे वापरतात, आणि यातलं कितीतरी लाकूड परसातल्या पडलेल्या झाडांचंच असतं. म्हणजे आमची कल्पना काही नवी नव्हती.

इतर प्रांतांतही हेच दिसेल. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची रंगीत खेळणी होतात ती आपण ज्याला काळा कुडा म्हणतो त्या पांढऱ्या लाकडाची, गुजरातेतल्या संखेड्याचे पाळणे नि झोपाळे सागाचे. ज्या गावाच्या आसपास जे झाड, तिथला कातारी त्याचा जाणकार.

आता आमच्या ओंडक्याकडे येतो. चितार आळीतले एक कारागीर लाकूड पाहायला मालवणला आले. आम्हाला वाटलं, रंग-रेषा पाहतील, घेर मोजतील. त्यांचा पहिला प्रश्न वेगळाच होता. "काका, आदी खिळे सांगा. लाकूड मगे बघूया."

रानातल्या झाडात आणि घरातल्या झाडात हाच फरक. घरच्या झाडाला माणसं काही ना काही ठोकत असतात आणि झाड ते पोटात घेऊन वर वाढतं. म्हणूनच आवारातलं झाड घ्यायला कापगिरणीवाले नाखूष असतात. एक खिळा करवतीचं अख्खं पातं खातो, आणि फिरत्या लाकडातून तो उडाला तर कारागिराचा डोळा जातो. लोखंड जिथे असेल तिथे लाकडात काळा-निळा डाग उतरतो, त्यावरून माग काढायचा. आमच्या फणसातून त्यांनी कपडे वाळत घालायच्या तारेचे दोन हूक, गणपतीच्या मंडपाचा एक लांब खिळा आणि सूचना फलकाचे चार खिळे काढले. फलकाचे खिळे तीन बोटं आत गेले होते. फणसाला वर्षाची कडी सागासारखी स्पष्ट नसतात, त्यामुळे झाडाचं वय मोजता आलं नाही. पण सोसायटीचं वय त्या तीन बोटांत नेमकं सापडलं.

दुसरी अडचण पाण्याची. ताजं लाकूड ओलं असतं. कापल्यावर पाणी जातं ते मुख्यतः ओंडक्याच्या दोन तोंडांकडून, आणि बाजूपेक्षा तोंडं लवकर सुकली की तिथून चिरा सुरू होतात. म्हणून तोडल्या दिवशीच तोंडांना मेण नाहीतर ऑइल पेंट फासायचा. मग ओंडका मधोमध उभा फाडायचा, कारण मधला कणा तसाच ठेवला तर हमखास तडा जातो. फाका जमिनीला न टेकवता पट्ट्यांवर, सावलीत, वारा लागेल अशा रचायच्या. इंचाला एक वर्ष असा कारागिरांचा ढोबळ हिशेब आहे, आणि कोकणात पावसाचे चार महिने त्या हिशेबात धरायचेच नाहीत. वाडगं वगैरे काढायचं तर ओलं असतानाच जाड कातून ठेवतात. ते भुशात काही महिने पडून राहतं, सुकताना जरा वाकडं होतं, आणि मग दुसऱ्यांदा लेथवर चढवून अखेरचा आकार देतात.

इथे माझ्या जुन्या नोकरीतली एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९७२ मध्ये सरकारी बँकांतून चार टक्के व्याजाची डी. आर. आय. योजना आली आणि पुढे कारागिरांसाठी आणखी योजना आल्या. असे अर्ज मी पुष्कळ पाहिले. त्या सर्व योजनांत कारागिराला यंत्रासाठी पैसे मिळत, कच्च्या मालासाठीही मिळत. पण परतफेड जवळजवळ लगेच सुरू होई. हप्ता महिन्याचा आणि लाकूड वर्षाचं, हे गणित जुळायचं कसं? ज्याच्याकडे हप्त्याची सोय नाही तो अर्धवट सुकलेलं लाकूड कातणार, वस्तू वर्षभरात चिरणार, आणि गिऱ्हाईक म्हणणार की हल्ली पूर्वीसारखं काम राहिलं नाही. कला मरते ती आवड संपल्यामुळे, असं आपण म्हणतो. बरेच वेळा ती खेळतं भांडवल नसल्यामुळे मरते. आमच्या लाकडाला सोसायटीची मागची शेड दोन वर्षं फुकट मिळाली. चितार आळीतल्या लहान घरांत तेवढी जागाही महाग असते.

२०२३ च्या उन्हाळ्यात काम सुरू झालं. चितार आळीत आता लेथ विजेवर चालतात. पूर्वी एक माणूस दोरी पुढे-मागे ओढी आणि दुसरा हत्यार धरी. दोरीने लाकूड दोन्ही दिशांना फिरतं, त्यामुळे हत्यार एकाच फेऱ्याला टेकवायचं आणि उलट फेऱ्याला उचलायचं. धरणारा नि ओढणारा, बहुधा बाप नि मुलगा किंवा नवरा नि बायको, यांचा श्वास जुळला तरच काम गोल. फणसाचं लाकूड आतून हळदीसारखं पिवळं. सुरुवातीला लेथखाली पिवळ्याधमक काथ्याचा ढीग पडला की काय असं वाटतं. याच लाकडाच्या काढ्यात ब्रह्मदेश-सयामचे बौद्ध भिक्षू आपली चीवरं रंगवीत. दक्षिणेत मृदंगाचं खोड याचंच करतात. उजेड लागत गेला की हा पिवळा रंग वर्षा-दोन वर्षांत तांबूस तपकिरी होतो, म्हणून कारागिराने बजावलं की आज दिसतो तो रंग धरून बसू नका. सालीलगतचं पांढुरकं लाकूड त्यांनी काढूनच टाकलं, कारण किडा तिथे आधी लागतो. गाभ्याच्या लाकडाला वाळवी सहसा शिवत नाही.

लाख चढवणं हा पाहण्यासारखा प्रकार. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरच्या किड्यांपासून ही लाख मिळते. ती रंगात मळून तिच्या कांड्या करतात. वस्तू वेगाने फिरत असताना कांडी दाबून धरायची, घासण्याच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर बसते. ब्रश नाही, वाळवणं नाही. मग केवड्याच्या पानाने चकाकी आणायची. खाण्याच्या वस्तूंना मात्र आम्ही लाख न लावता नुसतं खोबरेल चोळून घेतलं.

त्या पहिल्या खेपेत एक ताकाची रवी, बारा लाटणी, काही वाडगी आणि बालवाडीसाठी भोवरे निघाले. रवी आम्ही मूळ मालकीणबाईंना नेऊन दिली. त्यांनी ती उजेडात धरून फिरवून पाहिली, वास घेतला, आणि सुनेला हाक मारून ताक घुसळायला लावलं. लाटणी लिलावाने विकली, ते पैसे तोडणावळ आणि मजुरीत गेले. जमाखर्च २०२३-२४ च्या अहवालात आहे. नफा झाला नाही, तोटाही नाही.

फाकांपैकी तीन अजून शेडमध्ये आहेत आणि आता पुरत्या सुकल्या आहेत. रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने प्रत्येक घराला एक झाकणाचा डबा द्यावा असं कमिटीने ठरवलं आहे, तो याच लाकडाचा.

दोन सूचना करतो. फाटकाजवळचा आंबा म्हातारा झाला आहे. तो आहे तोवर त्याला कुणी खिळा ठोकू नये, फलक काथ्याने बांधावा. आणि जाईल त्या दिवशी तोंडांना रंग फासायला कुणीतरी जागेवर असावं, एवढं नव्या कमिटीने लिहून ठेवावं. दुसरी सूचना खरेदीची. दरवर्षी हळदीकुंकवाला आणि मुलांच्या बक्षिसांना आपण प्लॅस्टिकच्या वस्तू घेतो, त्या यापुढे चितार आळीतून घ्याव्यात. २०२२ च्या जूनमध्ये आपण जुन्या जागी फणसाची दोन रोपं लावली. ती केव्हातरी म्हातारी होतील. तेव्हा ओंडका पाहून आधी खिळे विचारणारा माणूस जिल्ह्यात शिल्लक असायचा, तर त्याच्या लेथला आज काम मिळालं पाहिजे. येत्या वार्षिक सभेत हा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे.