अर्क, तुरटी आणि पाषाणची प्रयोगशाळा

'अर्क' हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला. मूळ अर्थ घाम. पानाला, सालीला, लाकडाला जणू घाम फोडून काढलेला रस. तो प्रकाशाला किती अडवतो, हे मोजण्याचा इतिहास मात्र फार जुना नाही.

आपल्या लोकांना इथे इब्न अल-हैसमचं नाव घेऊन थांबायची सवय आहे. अकराव्या शतकातला त्याचा 'किताब अल-मनाझिर' थोरच. पण हा हिशेब पुढे युरोपात झाला, हे मोकळेपणाने मान्य करावं. १७२९ मध्ये बूगेर, १७६० मध्ये लांबेर्ट, १८५२ मध्ये बेअर. एक सेंटीमीटर अर्कातून निम्मा प्रकाश पार झाला, तर दोन सेंटीमीटरमधून पाव होतो, शून्य नाही. जाडी दुप्पट करा किंवा अर्क दुप्पट दाट करा, परिणाम तोच. म्हणून पार झालेल्या प्रकाशावरून आत रंगद्रव्य किती आहे ते कळतं.

मुळशीहून पुण्यात येताना पाषाण फार लांब नाही. तिथली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये सुरू झाली. १९५७ मध्ये तिचे पहिले भारतीय संचालक झाले डॉ. के. वेंकटरामन. लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात शिकवलेला, मग मुंबईत रंगरसायन शिकवलेला हा माणूस. कृत्रिम रंगांवरचा त्यांचा ग्रंथ जगभर वापरला गेला, आणि पुण्यात त्यांनी हात घातला तो फणसाच्या लाकडात आणि लाखेत! याच कृत्रिम रंगांनी रंगरेजांची भट्टी विझवली होती, हे विसरून चालणार नाही.

फणसाचा गाभा पिवळा असतो. त्याच्या काढ्यात भिक्षूंची चीवरं रंगत. पाषाणला १९६० च्या दशकात त्यातली द्रव्यं एकेक वेगळी केली गेली. अशी द्रव्यं ओळखायला अतिनील प्रकाश लागतो. साधी काच तो स्वतःच अडवते, म्हणून कुपी क्वार्ट्झची. कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश अडला, याचा आलेख म्हणजे द्रव्याची ओळख. शंका असेल तर त्यात अ‍ॅल्युमिनिअम क्लोराइड टाकतात. अ‍ॅल्युमिनिअम रेणूला धरून बसतं आणि आलेखाचा उंचवटा सरकतो.

रंगरेज कापड आधी तुरटीत बुडवायचे, रंग पक्का बसावा म्हणून. तुरटीतही अ‍ॅल्युमिनिअमच असतं.