जत्रा-उत्सवांतील लोकसंगीताच्या जुन्या वस्तू: काय जपावे, कसे जपावे

आपल्या आदिलाबाद भागात गाण्याबजावण्याचे उत्सव वर्षभर चालतात. दिवाळीत गोंड गावांतली दंडारी आणि गुस्साडी नाच, पौष अमावास्येला केसलापूरची नागोबा जत्रा, जैनथची लक्ष्मीनारायणाची जत्रा, गावोगावचे हरिनाम सप्ताह, भीमजयंतीचे कव्वालीचे कार्यक्रम. त्यांच्या खुणा आपल्याच घरांत आहेत: हँडबिले, निमंत्रणपत्रिका, वर्गणीच्या पावत्या, भजनाच्या वह्या, बिल्ले, फोटो, कॅसेट आणि रेकॉर्ड. साफसफाईत त्या रद्दीत जाऊ नयेत, म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

नोंदीशिवाय वस्तूला किंमत नाही

वस्तू मिळाली की त्याच दिवशी पाच गोष्टी लिहाव्यात: गाव, उत्सव, वर्ष, कोण गायले-वाजवले, आणि वस्तू कोणाकडून आली. मारलवाईचे गुस्साडी कलावंत कनकराजू यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली, 2024 मध्ये ते गेले. त्यांचे नाव राहील. पण नाचामागे उभे राहून ढोल वाजवणाऱ्यांची नावे कोणत्या कागदावर आहेत? जुना फोटो पाहून ती सांगू शकणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीची आहेत. म्हणून वस्तू शोधण्याआधी माणसांकडे जावे. फोटो दाखवावा, ते सांगतील तसे लिहून घ्यावे.

भाषेचीही नोंद करावी. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. किकरी वाजवून ते कुळकथा गोंडीत गातात, पण आपल्या भागातल्या परधानांची घरची बोली मराठी आहे. त्यामुळे गाणे गोंडी, कॅसेटवरचे नाव मराठी आणि पत्रिका तेलुगू असे सहज होते. नुसते 'आदिवासी गाणी' लिहिल्याने यातले काहीच कळत नाही.

तारीख नसेल तर

बऱ्याच हँडबिलांवर तिथी असते, साल नसते. अशा वेळी पुढील खुणा पाहाव्यात.

- किनवट किंवा राजुरा 'जि. आदिलाबाद' असे छापले असेल, तर कागद बहुधा नोव्हेंबर 1956 पूर्वीचा.
- किंमत आण्यांत असेल, तर बहुधा एप्रिल 1957 पूर्वीचा. त्या महिन्यात नवे पैसे आले.
- पत्त्यात पिनकोड असेल, तर 15 ऑगस्ट 1972 नंतरचा.
- 'तालुका उटनूर' असेल, तर साधारण 1985 पूर्वीचा. त्या वर्षी मंडल आले. बोलण्यात मात्र 'तालुका' पुढेही राहिला, म्हणून दुसरी खूणही शोधावी.
- 'तेलंगणा राज्य' असेल, तर 2 जून 2014 नंतरचा. निर्मल, मंचेरियाल, आसिफाबाद हे जिल्हे म्हणून छापले असतील, तर ऑक्टोबर 2016 नंतरचा.
- शके असेल तर 78 मिळवावे. पौष अमावास्या इंग्रजी नव्या वर्षात येते, म्हणून नागोबा जत्रेसाठी 79. शके 1900 ची जत्रा म्हणजे 1979 ची.
- निजामाच्या काळातील फसली सालात साधारण 590 मिळवावे.

जपणूक

कागद: लॅमिनेशन करू नये, ते परत काढता येत नाही. सेलोटेप लावू नये, गंजणाऱ्या टाचण्या काढाव्यात. धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळून, जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवावे. पावसाळ्यानंतर एकदा उघडून पाहावे.

फोटो: मागे मऊ पेन्सिलीने हलकेच लिहावे. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

रेकॉर्ड: उभ्या ठेवाव्यात. जुन्या 78 च्या लाखेच्या रेकॉर्डला स्पिरिट लावू नये, लाख विरघळते.

कॅसेट: स्पीकरच्या लोहचुंबकापासून दूर, उभ्या ठेवाव्यात. मागची दोन्ही छोटी टोके मोडली की चुकून पुसले जात नाही. फीत बुरशीची असेल तर वाजवून पाहू नये, जाणकाराकडे द्यावी. आवाज संगणकावर घेताना वेव्ह फाईल ठेवावी, एमपी3 फक्त ऐकण्यासाठी. मूळ कॅसेट फेकू नये.

काय घेऊ नये

गुस्साडीचा मोरपिसांचा टोप, पूजेतली वाद्ये, परधानाची वापरातली किकरी या संग्रहाच्या वस्तू नव्हेत. त्या देवाच्या आणि त्या त्या कुळाच्या आहेत. अडचणीतला माणूस विकायला तयार झाला तरी घेऊ नये. परवानगी असेल तर फोटो घ्यावा, नाव लिहावे आणि वस्तू तिथेच राहू द्यावी.

नारनूर मंडलातील गुंजाळा गावाचे उदाहरण लक्षात ठेवावे. तिथल्या गोंड घरांनी आपल्या लिपीतली हस्तलिखिते जपली. अभ्यासक पोहोचले तेव्हा ती जागेवर होती, म्हणून ती लिपी पुन्हा शिकता आली आणि 2018 मध्ये युनिकोडमध्ये आली.

कायद्याची बाजूही माहीत असावी. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते पुरावस्तू ठरतात. त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो. परदेशी राहणाऱ्या मुलांना त्या भेट म्हणून पाठवू नयेत.

सभासदांना विनंती

मूळ वस्तू घरातच राहू द्या. मंडळाला फक्त स्कॅन आणि वरील पाच नोंदी द्याव्यात. मूळ वस्तू काही दिवस दिलीच, तर मंडळाकडून पावती घ्यावी आणि परत घेताना सही करावी. घरातल्या ज्येष्ठांना जुने फोटो याच आठवड्यात दाखवावेत. कागद कदाचित आणखी वीस वर्षे टिकेल, पण त्यावरची माणसे ओळखणारे तितकी वर्षे आपल्यात असतीलच असे नाही.